न भेटलेले वीस वाचक

"इसमें हरा कहाँ है जी? मुझे तो सब एक ही रंग दिखे है."

झिरकपूरच्या आरोग्य केंद्रात माझ्या नकाशासमोर उभे राहून गुरमेलजींनी शेजारच्या नर्सबाईंना हळूच विचारलं. ते डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी फिरणारे कर्मचारी. "चश्मा बदलवा लो, भाईसाब!" बाई हसल्या. मला मात्र हसता आलं नाही. का, ते मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं — आईलासुद्धा.

नकाशा सोपा होता. जास्त रुग्ण तिथे लाल, कमी तिथे हिरवा. पुढच्या आठवड्यात तो छापून या लोकांच्या हातात जाणार होता. कुठल्या गल्लीत आधी जायचं, ते त्यावरून ठरणार होतं.

नकाशे बनवण्याच्या आमच्या कोर्समध्ये नियम आहे — नकाशा छापण्याआधी वीस अनोळखी माणसांना दाखवायचा. तीन प्रश्न विचारायचे, मधे बोलायचं नाही, माणूस कुठे अडखळतो ते लिहून घ्यायचं. मी गेले होते. सेक्टर ३२च्या बसस्टॉपवर फॉर्म छातीशी धरून तासभर उभी होते. शेवटी एका आंटींसमोर गेले, तर त्या म्हणाल्या, "क्या बेच रही है, बेटा?" बस, एवढंच. एवढ्यावर कुणी घरी परततं का?

मी परतले. आणि चंडीमंदिरच्या लष्करी क्वार्टरमध्ये, माझ्या टेबलाशी बसून — कसं सांगू — वीसही फॉर्म मीच भरले. कधी निळ्या पेनाने, कधी काळ्या. वयं ठरवली, कामधंदे ठरवले. दोघांची उत्तरं मुद्दाम चुकवली, खरं वाटावं म्हणून. लाजाळू मुलीचं हे डोकं कसं चाललं?

लाल-हिरव्यात फरक न दिसणारं माणूस त्या विसांत नव्हतं. कसं असेल? वीसही जणांना माझेच डोळे होते.

याहून वाईट पुढे आहे. याच कामासाठी नकाशा करणारी माझी मैत्रीण सिमरन खरोखर वीस जणांना भेटली होती. त्यातले सात अडखळले, तिने तसं लिहिलं. कोर्सच्या मॅडमनी तिचा नकाशा परत पाठवला आणि माझा निवडला. ती मला मिठी मारून म्हणाली, "यार, तेरे वाले कितने समझदार निकले!" मी गप्प राहिले. ते गप्प राहणं लाजाळूपणाचं नव्हतं.

गुरमेलजी आता नकाशाच्या अगदी जवळ जाऊन स्वतःची गल्ली शोधत होते. मॅडम दाराशी प्रती किती काढायच्या ते सांगत होत्या. सिमरन तिथेच होती. माझे पाय चालू लागले, ते मला उशिरा कळलं. आवाज फुटला तोही नको इतका मोठा —

"मॅम, अभी मत छपवाइए. वो बीस लोग थे ही नहीं, सारे फॉर्म मैंने भरे थे. मेरे पहले रीडर गुरमेलजी हैं."