मिस्त्रींनी घरभर कठडा लावला

मिस्त्रींना रिकामं बसता येत नाही, याला गुण म्हणा की खोड म्हणा. दुसऱ्याच्या घरी गेले तरी आधी दार दोनदा उघडून-मिटून बघणार, मग 'बरे आहात ना' विचारणार. उभी हयात सुतारकामात गेलेली. त्यामुळे पोरगा दवाखान्यात होता तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर नुसतं बसून राहायचं म्हणजे त्यांना शिक्षाच झाली. करायला काही नाही, ठोकायला काही नाही!

पोरगा चांगला तिशीचा, बेकरीत भट्टीवर कामाला. मोटरसायकलवरून घरी येताना ट्रकने उडवलं. कमरेचं हाड आणि उजवी मांडी, दोन्ही मोडली. ऑपरेशनं झाली, जीव वाचला, आणि काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "हाडं जुळली. चालायला मात्र पहिल्यापासून शिकावं लागेल." बेकरीचा मालक भला माणूस. भेटायला आला तेव्हा म्हणाला, "तुझी जागा मी कुणाला देत नाही. पण भट्टीपाशी दोन्ही हात कामात लागतात, धरायला काही नसतं. आपल्या पायांवर उभा राहिलास की ये." पोराने ते मनावर घेतलं. काहीही करून भट्टीवर परत जायचं, एवढाच त्याचा ध्यास. मिस्त्रींनी त्यातलं 'धरायला काही नसतं' एवढंच ऐकलं.

"धरायला नसायला काय झालं? मी मेलोय का?" असं म्हणून ते कामाला लागले.

पलंगापासून न्हाणीघर, न्हाणीघरापासून स्वयंपाकघर, तिथून बाल्कनी, असा भिंतीभिंतीने गोल लाकडी कठडा त्यांनी घरभर फिरवला. मुठीत बसेल इतकाच जाड, आणि पॉलिश पेपरने घासून घासून असा गुळगुळीत केलेला की हात आपोआप पुढे सरकावा. स्क्रू तर असे पिळले की हत्ती बांधला तरी हलायचा नाही.

"अहो, हे घर आहे का जहाज?" बायकोने कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी तिने त्यावर टॉवेल वाळत घातले, तर मिस्त्री तिच्यावर असे खेकसले की विचारू नका.

पण कठड्याने कमाल केली, हे कबूल करायला हवं. पंधरवड्यात पोरगा घरभर हिंडू लागला. "बाबा, हा असाच बेकरीपर्यंत न्या की!" तो म्हणायचा, आणि मिस्त्री खरंच मनातल्या मनात लाकूड मोजायचे. गल्लीत भेटेल त्याला थांबवून सांगायचे, "धावतो हो, घरात धावतो!"

घोडं अडलं ते दवाखान्यातल्या व्यायामाच्या हॉलमध्ये. तिथे पोराकडून व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट त्याला दोन आडव्या दांड्यांच्या मधून चालवायची. दांडे संपले की पुढे मोकळी फरशी. पोरगा टोकापर्यंत ऐटीत यायचा आणि तिथे जो थांबायचा तो थांबायचाच. पाय उचलेना, घामाने शर्ट भिजलेला. "घरी मी खरंच चालतो हो, मॅडम," तो काकुळतीने सांगायचा. बिचारीला कळेना हे गौडबंगाल काय आहे. शेवटी एका संध्याकाळी ती स्वतःच घरी आली.

तिने सगळा कठडा पाहिला, त्यावरून हात फिरवला. "काका, काम फार सुंदर केलंय."

मिस्त्री फुलून गेले.

"आता हे काढा."

"काय?"

"याचे पाय चालत नाहीयेत, काका. हात चालताहेत, पाय नुसते मागून येताहेत. घराबाहेर कुठे आहे असा कठडा?"

"आणि पडला तर?"

"पडेल. एकदा तरी पडेलच. पडल्यावर उठायचं कसं, ते मी त्याला शिकवलंय."

"पडायचंही शिक्षण असतं का आता!" मिस्त्री कडाडले. ती शांतपणे पाणी प्यायली आणि गेली.

मग मिस्त्रींची टाळाटाळ सुरू झाली. आज काय तर हत्यारं कामावर राहिली, उद्या काय तर भिंतीचा रंग निघेल. गिऱ्हाइकाला कधी उद्यावर न ढकलणारा माणूस, पण इथे रोजचा उद्या. शेवटी बायकोने जेवताना त्यांना गाठलंच. "भिंतीचा रंग राहू द्या. खरं काय ते सांगा."

मिस्त्रींनी घास खाली ठेवला. "मला भीती वाटते गं," ते म्हणाले. "त्या दिवशी फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी घरी खिडकी बसवत होतो. पोरगा रस्त्यावर पडला होता आणि मला काही म्हणता काही करता आलं नाही. हे एवढं तरी करता आलं."

बायकोचेही डोळे भरून आले होते. इतक्यात पोरगा कठडा धरत धरत आतून आला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, स्क्रूड्रायव्हर द्या. मीच काढतो."

स्क्रू काढायचा तर एका हाताने कठडा पेलायचा आणि दुसऱ्याने पिळायचं. सैल होत चाललेल्या कठड्यावर भार काय टाकणार? पोरगा तिथेच डगमगला. मिस्त्री ताडकन उठले, तशी बायकोने मागून त्यांचा शर्ट धरला. "बसा खाली!" बसले बिचारे, पण अर्धेच. पोराचे पाय लटलट कापत होते, तरी तो उभा होता.

"बाबा, एवढे घट्ट कोण पिळतं हो?"

"मी पिळतो! डावीकडे फिरव, गाढवा, डावीकडे!"

एका स्क्रूलाच घटकाभर गेली. मग रोज थोडा थोडा कठडा उतरू लागला. जिथला उतरला तिथे पोराला मोकळ्या भिंतीजवळून जावं लागे. मिस्त्रींचे घट्ट स्क्रू त्याला शिव्या देत देत काढावे लागत, आणि त्या नादात तो किती वेळ उभा आहे हे त्याच्याही लक्षात राहत नसे. फिजिओथेरपिस्टने ऐकलं तेव्हा ती पोट धरून हसली.

शेवटचा स्क्रू निघाला, हॉलमधली मोकळी फरशीही पार झाली आणि बेकरीत जायचा दिवस उजाडला. "बाबा, मागे मागे यायचं नाही," पोराने दारातच बजावलं. "छे छे," मिस्त्री म्हणाले, आणि तो कोपऱ्यावर वळताच चपला घालून निघाले. ऐकतील ते मिस्त्री कसले!

बेकरी समोर दिसू लागली आणि तिथेच पोराचा पाय एका उखडलेल्या फरशीला अडला. तो पडला. अगदी आडवा. मिस्त्री धावले, पण पोहोचेपर्यंत पोरगा कुशीवर वळला होता. गुडघा टेकला, तळहात रोवले, शिकवल्याप्रमाणे एक पाय पुढे घेतला आणि कशालाही न धरता उभा राहिला. विजार झटकताना त्याला समोर धापा टाकणारे वडील दिसले.

चिडेल असं वाटलं होतं. पण त्याचा चेहरा नुसता उजळला होता.

"बाबा, बघितलंत का? पडलो!" तो भर रस्त्यात ओरडला. "पडलो आणि उठलो!"

"बघितलं रे, बघितलं," मिस्त्री म्हणाले. ते हसत होते आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. पोराच्या खांद्याकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला. "जा आता. भट्टी वाट बघतेय."