निळ्या कड्याची माहेरवाशीण

पक्ष्यांच्या मागे फिरणारी चार माणसं एकत्र बसली की पक्ष्यांची माहिती संपते, किस्से संपत नाहीत. आमचं काम सुतार पक्ष्यांचं. फैजपूरच्या बाजूला घरटी शोधायची, पिल्लं कशी वाढतात ते बघायचं आणि उडण्याआधी त्यांच्या पायात रंगीत कडी घालायची. किस्से साचणारच!

*

पहिलं घरटं शेतकरी नानांच्या केळीच्या बांधावर, वाळलेल्या कडुनिंबात सापडलं. मी दुर्बीण लावून उभी, नाना माझ्या मागे.

"काब्र वं पोरी, लग्नाच्या वयात झाडाकडे काय पाहू राह्यली?"

"नाना, आत एकाचा संसार चाललाय. आधी तो बघते, मग माझं ठरवते!"

नानांच्या पत्नी अक्का इतक्या हसल्या की बशीतला चहा सांडला.

*

आमचे सर आयुष्यभर पक्षी बघत आलेत. हे ते रोज ऐकवतात. कॅमेऱ्याचा त्यांना तिटकारा. त्यांनी खोडाला कान लावला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "रिकामं आहे."

मी तरी काठीला बांधलेला छोटा कॅमेरा ढोलीत सोडला. मोबाइलवर तीन उघड्या चोची!

सर शांतपणे म्हणाले, "आत्ताच आली असतील."

*

खरी पंचाईत पुढेच होती. वादळात वाळका निंब केळीवर पडेल म्हणून नाना तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी पाडणार होते. पिल्लांना उडायला अजून वेळ होता. मी भांडले, सरांनी भाषण दिलं. नाना ढिम्म!

कडी घालायच्या दिवशी मी शिडीवर, सर खाली शिडी धरून. एका पिल्लाच्या पायात निळं कडं चढलं आणि अक्का नानांवर कडाडल्या, "पायात कडं घातलं, म्हणजे ही लेक झाली आपली! आखाजीले लेकी माहेरी येतात, अन् तुम्ही तिचं घर पाडता?"

पिल्लू नर की मादी, ते इतक्यात कळत नाही, असं मी सांगणारच होते. सरांनी खालून पायाला कचकन चिमटा काढला. त्यांच्या अनुभवाचा मला झालेला एकमेव उपयोग!

नाना चरफडले. "बरं. पुढच्या आखाजीले लेक माहेरी आली तर झाड राहीन. नाही आली, तर कापायचं मशीन लावतो!"

*

पिल्लं उडून गेली. निळं कडं शोधत मी भुसावळपर्यंत सगळी वाळकी झाडं पालथी घातली. काही नाही.

पुढच्या वर्षी आखाजीला नानांच्या लेकी आल्या, मशीनवालाही आला. आम्ही धावत बांधावर पोचलो तेव्हा मशीन घरघरत होतं. तेवढ्यात कर्कश ओरडत एक सोनेरी पाठ निंबाला येऊन चिकटली. पायात निळं कडं!

"आली! लेक आली!" अक्का ओरडल्या.

मी दुर्बीण लावली. डोक्यावरचा तुरा कपाळापर्यंत लाल. सर या वेळी लांब होते, चिमटा पोचला नाही.

"नाना, हा नर आहे. मुलगा!"

नानांनी निंबाकडे बोट केलं. काळ्या कपाळाचा दुसरा पक्षी हळूच ढोलीत शिरत होता.

"मंग ती कोण?"

"त्याची बायको."

नाना मशीनवाल्याकडे वळले.

"बंद कर बाप्पा ते! घरात नवी सून आली!"