करवतकाठी लुगडं आणि आमचे साडभाऊ

आमच्या थोरल्या साडभाऊंना माणसं दिसत नाहीत, फक्त कपडे दिसतात; आणि तेही माणूस जाऊन पन्नास-शंभर वर्षं झाली असतील तरच. करडी गावात एका घरी म्हातारे वारले म्हणून आम्ही दोघे भेटायला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले. साडभाऊ मात्र मान वर करून भिंतीवरचा जुना फोटो न्याहाळत होते. त्या म्हाताऱ्यांच्या आजोबांचा. बऱ्याच वेळाने त्यांनी खाकरून घसा साफ केला. मला वाटलं, आता सांत्वनाचे दोन शब्द येणार. "आजोबाच्या कोटाच्या गुंड्या शिंगाच्या होत्या का पितळेच्या जी?" रडणारी सून रडायची थांबली आणि गुंड्या सापडतात का ते पाहायला चक्क आत गेली.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं तेव्हा साडभाऊ भंडाऱ्याच्या एका कचेरीत कारकून होते. कोणाची बदली तिकडे होते या धसक्याने बाकीच्यांची जेवणं सुटली होती. यांना घोर एकच. जुन्या चपराशाचा लाल पट्टा आणि त्यावरचा पितळी बिल्ला कोणत्या जिल्ह्याच्या वाट्याला येणार? तो गेला गोंदियाला. "फायली नेल्या तं नेल्या, बिल्ला कायले नेला?" असं म्हणत त्यांनी दोन दिवस डबा उघडला नाही. स्वतः मात्र हा गृहस्थ बारा महिने एकाच राखाडी सफारीत, खुर्चीवर घासून घासून मागून चकाकणाऱ्या. त्यांची बायको म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे बाई म्हणतो. बाई विचारायच्या, "पेशवाईत सफारी होती काय जी?" साडभाऊ शांतपणे म्हणायचे, "पाहणाऱ्यानं साधंच राहावं."

पाहणाऱ्याने गप्प राहावं, हे मात्र त्यांना कधी जमलं नाही. दिवाळीनंतर गावात मंडई म्हणजे जत्रा भरते, तिच्यातल्या नाटकासाठी आम्ही त्यांच्या गावी, आंधळगावला गेलो होतो. राजे तलवार उपसून, पाठ फिरवून लढाईला निघाले आणि अंगरख्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चेन लखलखली. साडभाऊ ताडकन उभे. "राजे, माघारी या! पाठीवर चेन दिसून राहिली!" राजे थबकले, पाठ चाचपली आणि म्हणाले, "आता लढाईवर जाऊन राहिलो, आल्यावर पाहू." त्या नाटकात टाळ्या पडल्या त्या एवढ्याच वाक्याला.

या सगळ्या वेडाचा गाभा एका लाकडी पेटीत होता. साडभाऊंच्या आईचं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं लुगडं. नऊवारी, करवतकाठी, आंधळगावातल्याच मागावर विणलेलं. घरी पाहुणा आला की आधी त्याला हात धुवायला लावत, मग मलमलीचं फडकं उलगडत. "तीन धोट्यांचं काम आहे हे, दोन काठांचे अन् एक अंगाचा. काठाचे दाते पाहा, करवतीसारखे. डोळ्यानं पाहाचं, बोट नाही लावाचं." मधमाशी हाकलावी तसा ते माझा हात हाकलत. बाई पलीकडे चहा घेऊन उभ्या असत. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला त्यांनी ते नेसायला मागितलं होतं. उत्तर मिळालं, पुढच्या वर्षी. मग प्रत्येक लग्नात मागितलं. "लग्नात लोकं तेलकट हातानं फिरतेत," हे उत्तर. अशी पस्तीस वर्षं गेली. आम्ही हसायचो, बाईही हसायच्या, म्हणून ती गोष्ट गमतीची आहे असंच मी समजत होतो.

माझ्या मुलीचं लग्न साकोलीला ठरलं तेव्हा बाई हसल्या नाहीत. आमच्या देखत म्हणाल्या, "एक डाव नेसू द्या जी. का मी मेल्यावर टाकता माझ्यावर?"

साडभाऊ उठले, हात धुतले आणि पेटी उघडली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ती घडी मोडली. प्रत्येक घडीच्या रेघेवर कोसा चिरला होता. जगातल्या प्रत्येक अंगरख्याची खोड काढणाऱ्या या माणसाने, रेशमाची घडी बदलत राहावी लागते हे आपल्या घरात कधी पाळलं नव्हतं. मी टोमणा मारायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "मायनं तिच्या हातानं घातली होती घडी. मोडवलीच नाही माह्यानं."

बाईंनी चिरांवरून बोट फिरवलं. तिथे बोट लावायला आता कोणाची मनाई नव्हती. "नऊवारी आहे जी. निऱ्यांत सारं लपते." दोन दिवस बसून त्यांनी त्याच मलमलीच्या फडक्याचे तुकडे आतून लावले. लग्नाच्या दिवशी साडभाऊ सफारीसकट जमिनीवर बसून निऱ्या नीट करत होते आणि बाई मांडवात आल्या तेव्हा नवरीला सोडून बायका त्यांच्याभोवती गोळा झाल्या.

बाईंना जाऊन आता तीन वर्षं झाली. लुगडं पेटीतच आहे; साडभाऊ दर महिन्याला घडी बदलतात. परवा त्यांच्याकडे लग्नातला फोटो पाहत होतो. बाईंचा पदर खांद्यावरून पुढे घेतलेला होता आणि काठ त्यात दडला होता. गंमत करावी म्हणून विचारलं, "साडभाऊ, त्या दिवशी मांडवात काठ कसा दिसत होता?"

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला.

"काठ पाहाचा राहूनच गेला," ते म्हणाले. "थे हासून राहिली होती ना."