रिकामी जागा

साचेभाऊ खुर्चीत बसले, की त्यांचा उजवा पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा हलत राही. गडचिरोलीतल्या आमच्या पूरसूचना कक्षात ती थरथर टेबलातून माझ्या मनगटापर्यंत पोचे. खिडकीतून ओल्या सागपानांचा तुरट वास येई, आणि भाऊ काहीतरी हरवल्यासारखे बाहेर बघत राहत.

नदीकाठच्या सगळ्या केंद्रांसाठी प्रोग्रॅम एकच. पण भोंगा कोणत्या पातळीला वाजवायचा, फोन कुणाला लावायचा, हे प्रत्येक केंद्राचे निराळे. त्यासाठी भाऊंनी मोकळ्या जागांचा एक साचा केला होता. केंद्राच्या संगणकावर नोंदवलेली तिथली मूल्ये, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, त्या जागांत भरून कॉन्फिगरेशनची फाइल आपोआप तयार होई. एखादी जागा रिकामी राहिली, तर प्रोग्रॅम तिचे नाव सांगून थांबे. "उपाशी माणूस सांगते ना, भूक लागली म्हणून? मशीननंबी सांगाव," भाऊ म्हणत. या साच्यापायीच त्यांना साचेभाऊ हे नाव पडले होते.

एका वर्षी चामोर्शीकडचे नवे केंद्र सुरू व्हायचे होते. आभाळ रोज खाली उतरत होते, साहेबांचे फोन थांबत नव्हते, आणि तिथल्या धोक्याच्या पातळीचा आकडा काही येत नव्हता. पाण्याची पातळी दाखवणारा मोजखांब प्रत्येक गावी वेगळ्या उंचीवर रोवलेला, हे ठाऊक असूनही मी शेजारच्या गोंडपिपरीकडच्या केंद्राचा आकडा साच्यातच लिहून ठेवला : कुणी काही दिले नाही, तर हा घ्यावा. प्रोग्रॅमची तपासणी मुकाट्याने पार पडली.

भाऊंनी फाइल उघडली. त्यांचा पाय थांबला.

"हे कोणं भरलं, बाई?"

"मी. जवळचाच आकडा आहे, भाऊ."

"जवळचा कोणाले? तुमाले का नदीले?"

दुसऱ्या सकाळी एसटीने आम्ही त्या गावी गेलो. काठावर जाळे सांधणाऱ्या म्हातारीने अर्जुनाच्या झाडाच्या खोडावरची खाच दाखवली. पाणी तिथे आले, की गाव आपले डोंगे, लाकडी होड्या, वर ओढी.

"अन् तुमचा भोंगा कवा वाजन?" तिने विचारले.

भाऊंनी खांबावर माझ्या आकड्याची रेघ दाखवली. खाचेहून ती हातभर वर होती. म्हातारी हसली. "तवा कोणाले उठवान, भाऊ? डोंगेबी गेले राह्यतीन, अन् आमीबी."

ते हसू आजही माझ्या कानात मासळीच्या काट्यासारखे रुतून आहे. भाऊ रागावले नाहीत. खाचेपासून मोजखांबापर्यंत त्यांनी टेप समपातळीत धरला, खांबावर तो टेकला तिथला आकडा तिथल्या संगणकात नोंदवला, आणि साच्यातला माझा आकडा खोडून ती जागा पुन्हा रिकामी केली. त्या श्रावणात पाणी खाचेला टेकले आणि भोंगा वाजला. माझ्या रेघेपर्यंत पाणी चढले, तेव्हा डोंगे माळावर पालथे पडले होते.

पुढे भाऊंची बदली सिरोंच्याला झाली. स्टँडवरही पाय हलतच होता. "मी गेलो म्हणून घाई नोका करू, बाई," एवढेच म्हणाले.

महिन्याभरात आणखी एक केंद्र आले. पडद्यावर ओळ उमटली : धोक्याची पातळी रिकामी आहे. बाहेर ढग गडगडत होते, फोन वाजत होता. टेबल थरथरले, म्हणून मी खाली पाहिले. पाय माझाच हलत होता.

मी टेप उचलला आणि एसटी गाठायला निघाले.