बक्षिसाचा फ्रिज

ती घटना आजही आठवली की मिशीतल्या मिशीत हसू येतं. सुरुवातीला मात्र माझं डोकं चांगलंच तापलं होतं.

आंबेगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि तिशीतली एक बाई कापडी पिशवी घेऊन आत आली. नवरा बाहेरच उभा राहिला.

"साहेब, मी माहेरी चाललीय. पण चोरटी म्हणून जायची न्हाई," ती म्हणाली.

बँकेची वसुलीची माणसं तिच्या दारात आली होती. शेजाऱ्यांदेखत म्हणाली, तुमच्या क्रेडिट कार्डाचं बिल थकलंय. बाईनं जन्मात असलं कार्ड हातात धरलं नव्हतं. पण कार्डावर नाव तिचं, आधार तिचं, पॅन तिचं. हिनं गुपचूप माहेर भरलं, असं नवऱ्यानं आणि सासूनं ठरवूनही टाकलं. कबूल करेपर्यंत घरात पाऊल ठेवू नकोस, असं नवऱ्यानं बजावलं होतं.

त्याला आत बोलावलं. म्हणतो कसा, "बँक खोटं बोलंल का, साहेब?"

"बँकेला कुणी तरी खोटं सांगितलं असेल, हे नाही सुचलं तुम्हाला?" मी म्हणालो. असली माणसं परक्याच्या कागदावर विश्वास ठेवतात आणि घरच्या माणसावर नाही!

त्याच बैठकीत बँकेला फोन लावून कार्ड बंद करवलं. सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. व्यवहार आपले नाहीत, असा बाईचा लेखी अर्ज बँकेकडे पाठवला आणि गुन्हा दाखल केला. तिच्या नावावर आणखी कर्ज उचललंय का, हे बघायला क्रेडिट रिपोर्टही काढायला लावला. सुदैवानं दुसरं काही नव्हतं.

बँकेकडून माहिती आली. कार्डाला जोडलेला मोबाईल नंबर बाईचा नव्हताच. सिम एका परगावच्या मजुराच्या नावावर, आणि तो केव्हाच निघून गेलेला. फोन ज्या टॉवरवर लागायचा, त्याच्या टापूत आठ-दहा गावं. त्या नंबरला कुणीही फोन करायचा नाही, अशी मी सगळ्यांना ताकीद दिली. सावज बिथरायला नको होतं.

मग खरेदी बघितली. जुन्नरमधून एक फ्रिज, एक कूलर, फेट्यांचा गठ्ठा आणि एक भली मोठी ढाल.

"घरात लगीन असंल, साहेब," हवालदार म्हणाले.

"लग्नात ढाल कोण देतं हो? हा बैलगाडा घाटातला माल आहे!"

चैत्र चालू होता. आमच्याकडं गावोगावच्या यात्रेत घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडा शर्यती होतात, आणि बक्षीस देणाऱ्याचं नाव कर्ण्यावरून घाटभर घुमतं. एवढं बक्षीस दिल्यावर नाव न पुकारून घेणारा माणूस मला या भागात दाखवा! दुसरीकडं चोरीचा माल लपवतात, आमचा चोर तो स्टेजवर मांडणार, याची मला खात्री होती. साध्या कपड्यातली माणसं घाटाघाटांवर पाठवली आणि एका घाटावर मी स्वतः जाऊन बसलो. तिथंच कर्ण्यावरून पुकारा झाला,

"फ्रिज आणि मानाची ढाल, फाट्यावरच्या सेवा केंद्राच्या शेठकडून! टाळ्या होऊ द्या!"

मी ताडकन उठलो. त्या केंद्रात अख्ख्या पंचक्रोशीतला माणूस ऑनलाइन फॉर्म भरायला जायचा आणि आधार-पॅनच्या झेरॉक्स तिथंच टाकून यायचा. वस्तीवर कोण जाणार म्हणून कुरियरवालेही पाकिटं त्याच्याकडेच ठेवत. कार्ड कुठं थांबलं, हे मला तिथंच उमगलं.

"भाऊ, फ्रिज लई भारी दिलात," मी शेठजवळ गेलो. "कुठून उचलला?"

"जुन्नरहून! सोता जाऊन घेतला राव, रोख पैसं मोजून," तो छाती फुगवून म्हणाला. आजूबाजूला सगळं गाव ऐकत होतं.

हवालदारांनी फ्रिजमागचा नंबर वाचला. दुकानाच्या बिलाशी तो तंतोतंत जुळला, आणि ते बिल बाईच्या कार्डावर फाडलेलं होतं.

"चला पावणं, आता आमच्याकडं," मी म्हणालो. फ्रिज जिंकलेला गाडामालक मात्र आमच्यावरच तापला. "बैलं माझी पळाली आन फ्रिज तुमी नेताय व्हय?"

ठाण्यात शेठनं पलटी मारली. "बाईनंच काढाय लावलं कार्ड. नवऱ्याच्या चोरून. मला वापराय दिलं."

रक्त उसळलं माझं. पण आवाज चढवला की आरोपी सावध होतो. मी चहा मागवला आणि सहज विचारलं, "मग कार्डाचे मेसेज कुणाच्या फोनवर यायचे?"

"बाईच्याच की."

पंचांना घेऊन थेट त्याच्या केंद्रात गेलो आणि कार्डाला जोडलेला तो नंबर फिरवला. कुलूपबंद गल्ल्यात घंटी वाजू लागली. गल्ला उघडला तर फोन आणि कार्ड, दोन्ही आत! मग शेठ घडाघडा बोलला: बाईच्या झेरॉक्सवर अर्ज केला, मजुराच्या नावाचं सिम जोडलं आणि कुरियरनं आलेलं कार्ड ठेवून घेतलं. इतका आनंद मला बढतीचा आदेश हातात पडल्यावरही झाला नव्हता.

व्यवहार बाईचे नाहीत, असं बँकेनं लेखी कळवलं. तो कागद द्यायला मी तिला, नवऱ्याला आणि सासूला बोलावलं. तिनं कागद वाचला, नीट घडी घातली.

"साहेब, त्या चोराला कलम लागलं. यांनी मला चोर ठरवलं, त्याला कंचं कलम?"

सासूच मुलावर खेकसली, "सांग की रं आता! माझंबी चुकलं, तुझंबी चुकलं." नवऱ्यानं सगळ्यांसमोर हात जोडले.

असं होऊ नये म्हणून काय करायचं, हे लोक अजूनही विचारायला येतात. मी सांगतो, झेरॉक्स देताना ती कशासाठी दिली ते तिच्यावरच लिहून सही करा. न घेतलेल्या कार्डाचा मेसेज आला तर त्याच दिवशी बँकेला कळवा, कार्ड बंद करा, लेखी तक्रार द्या. पण या सगळ्याच्या आधी घरच्या माणसाला जवळ बसवून विचारा, आणि ते नाही म्हणालं, तर त्याच्या बाजूनं उभे राहा.