वाटूर फाट्याची ताराबाई

हॉटेल चालवणाऱ्या माणसाकडं दोन गोष्टी फुकट साचत्यात. चहाचा चोथा आन लोकांचे किस्से. चोथा मी रोज उकिरड्यावर टाकला. किस्से टाकता आले न्हाईत, ते डोक्यातच मुरले. म्हणून लिहून राह्यलो. माझी शाळा चौथीपर्यंत. ज्याला शुद्धलेखन तपासायची हौस असंल त्यानं इथंच थांबावं, दुसरं काम बघावं.

हे किस्से ताराबाईचे. खरं नाव तमारा. रशियात लेनिनग्राडच्या कॉलेजात मराठी शिकवायची, आन आपल्याकडची पुस्तकं रशियनमधी करायची. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्सं झालती, तव्हा आमच्या वाटूरला आल्ती. खेड्यातली एक जाडजूड मराठी कादंबरी तिनं करायला घेतल्ती. निम्मे शब्द डिक्शनरीत न्हवते. ते शोधायला आली. ऱ्हायला साळवे गुरुजींच्या घरी, आन दिवसभर फाट्यावर माझ्या बाकड्यावर.

*

पहिल्या दिवशी एसटीतून उतरली ती सरळ माझ्या भट्टीपुढं. डोक्याला रुमाल, हातात पत्र्याची पेटी.

"नमस्कार महोदय. आपल्या उपाहारगृहात चहा उपलब्ध आहे काय?"

बाकड्यावरच्या चार जणांचे कप तोंडापाशीच थांबले. मला आजवर बायकोनं सुदिक अहो म्हणलं न्हवतं.

मी म्हणलं, "चहा हाय. बाकीचं काय इचारलं ते गुरुजी आले की सांगतो."

नारायण पाटील, फाट्याजवळचा मोठा कास्तकार, हळूच मला म्हणला, "किसन, बाई पोथी बोलून राह्यली. जल्दी हात जोड."

*

तिच्या पत्र्याच्या पेटीत पत्त्याएवढे कोरे कार्ड होते. एका कार्डावर एक मराठी शब्द. खाली जागा रिकामी. तिचा कायदा असा, की ती गोष्ट सवताच्या हातानं केल्याबिगर खाली रशियन लिहायचं न्हाई.

मी म्हणलं, "नुसतं इचारून लिहा की. आमी काय खोटं सांगतो का?"

मंग तिनं सांगितलं. तिच्या आधी तिकडं कुण्या इद्वानानं एक मराठी गोष्ट रशियनमधी केल्ती. त्यात एक गरीब बाई सकाळी उठून गोवऱ्या थापती. इद्वानाला वाटलं, थापती म्हंजे भाकरीच असंल. त्यानं तसंच लिहिलं. वर सवताच्या मनानं एक वाक्य जोडलं, की लेकरं चुलीभोवती वाट बघत बसली.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे रशियातल्या लोकांना वाटतं, आपण..."

"हो," ताराबाई म्हणली. "गेली कित्येक वर्षे."

पाटलानं चहा खाली ठेवला. म्हणला, "किसन, बाईला जे पाह्यजे ते करू दे. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

*

तव्हा तिनं पहिलं कार्ड गोवरीचं काढलं. गुरुजींची मंडळी, कौसाबाई, तिला घेऊन बसल्या. दोघींच्या मधी शेणाची पाटी. घंट्याभरानं मी दूध आणायला तिकडून गेलो. भिताडावर एका अंगाला कौसाबाईच्या गोवऱ्या, कशाबी. दुसऱ्या अंगाला ताराबाईच्या. सगळ्या एकसारख्या गोल, दोन गोवऱ्यांतलं अंतर बी बराबर, जशी काही कंपासपेटी घेऊन बसल्ती.

कौसाबाई म्हणल्या, "ताराबाई, ह्या जाळायच्यात. लग्नात वाटायच्या न्हाईत."

बाईनं हात न धुता कार्डावर लिहून टाकलं. त्या कार्डाचा वास पेटीला शेवटपर्यंत होता.

*

मंग गोफण. पाटलाची ज्वारी हुरड्यात आल्ती, पाखरं उतरून राह्यलती. पाटील माळ्यावर उभा राहून दाखवत होता, "अशी फिरवायची, आन एक दोरी सोडायची."

बाईनं फिरवली. दोरी सोडली. दगड पुढं न जाता मागं गेला, आन पाटलाचा पाण्याचा डेरा फुटला. डेऱ्याशेजारी पाटील.

पाटलानं सवताला वरून खालपर्यंत चाचपून पाह्यलं.

"पाखरं वाचली," तो म्हणला, "मी बी वाचलो. लिहा."

*

एका दुपारी मी सरळ इचारलं. मला घोळवून इचारता येत न्हाई. "बाई, एवढं जग पडलं असताना मराठीच का घेतली?"

तिचा बाप रेल्वेत इंजिनात कोळसा टाकायचा. लढाईत ह्या लोकांनी बटाट्याच्या साली उकडून खाल्ल्या. पोरगी हुशार निघाली, कॉलेजात गेली. तिला संस्कृत शिकायचं होतं. पण संस्कृतचा वर्ग भरल्ता. कारकून म्हणला, मराठीत जागा हाय.

मला रागच आला. "म्हंजे आमी उरलेला माल."

"हो," ती म्हणली. "पण आता कोणी संस्कृत दिलं तरी मी बदलून घेणार नाही."

त्या दिवशीच्या चहात मी दूध जास्त टाकलं. तिला कशाला सांगू?

*

पाटलानं रशियन ट्रॅक्टर घेतल्ता. एका सकाळी तो बंद पडला. सोबत मराठीत छापलेलं माहितीपत्रक होतं. पाटील ते घेऊन तणतणत फाट्यावर आला आन बाकड्यावर आपटलं.

"गुरुजी, वाचा. इंधनवाहिनीस्थित वायूचे निःसारण करावे. ज्यानं हे लिहिलं त्याला माझ्यापुढं आणा. बैलासंगं जुंपतो."

ताराबाईनं कप ठेवला. कान लालेलाल. "पाटील, ते मी लिहिलं आहे."

मंग कळलं. कादंबरी तिला सहजासहजी मिळालीच न्हवती. पाच वर्सं तिला ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकांचं मराठी करायला बसवल्तं. कादंबरीसाठी ती साहेबांशी भांडली. साहेब म्हणले, हे पुस्तक कुणाला जमायचं न्हाई, शब्दच सापडत न्हाईत. शेवटी कबूल झाले, पण एका अटीवर. होळीनंतर परतायचं आन सगळे शब्द पुढं ठेवायचे. न्हाई जमलं तर कादंबरी कपाटात, आन बाई परत ट्रॅक्टरवर. जन्मभर.

तेवढ्यात परतूरहून मिस्त्री आला. इंजिनाकडं बघून म्हणला, "पाइपात हवा धरली. हवा काढा." दोन नट फिरवले. ट्रॅक्टर चालू.

ताराबाईनं कार्ड काढलं आन मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हवा काढा.' ते कार्ड पाटलापुढं धरून म्हणली, "पाच वर्षे मला हे कोणी सांगितलं नाही."

पाटील म्हणला, "पाच वर्सं तुमी फाट्यावर आल्याच न्हाईत."

*

होळी जवळ आली. पेटीतले सगळे कार्ड भरले. एकच रिकामं. इर्जिक.

त्या कादंबरीत एक अख्खी इर्जिक होती. पुस्तकाचा सगळा जीव तिथंच, असं ती म्हणायची. मी तिला समजावलं. कास्तकाराचं काम अडलं, बैल मेला, गडी आजारी पडला, की गाव आपापली आउतं घेऊन त्याच्या शेतात उतरतं. एका दिवसात काम काढून देतं. मजुरी न्हाई. अडलेल्यानं फक्त सगळ्यांना जेवू घालायचं. पंगत उठल्यावर, ज्याचं शेत त्यानं शेवटी जेवायचं.

"मला एक दाखवा," ती म्हणली.

"इर्जिक काय तमाशा हाय का, सुपारी देऊन आणायला? कुणी अडलं तरच व्हती."

तव्हापासून बाई रोज सकाळी फाट्यावर यायची. मोठ्या आशेनं तोंडाकडं बघायची.

"दादा, आज कोणी अडलं का?"

"न्हाई बाई. सगळे ठीक हायेत."

"अरेरे."

चार दिवसांत असं झालं, की ती दिसली की कास्तकार बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचे. गयाबाई, माझ्या हॉटेलाच्या मागं ऱ्हायची, ती तर म्हणली, "किसनभाऊ, ह्या बाईला लवकर गाडीत बसवा. हिच्या पायी माझीच तंगडी मोडायची."

*

आता शेवटचा. ह्यात चूक माझी हाय. आजवर गयाबाईच्या शेळीवर ढकलली, आज लिहून टाकतो.

बाईचं जायाचं चार दिवसांवर आल्तं. ती परतूरला रेल्वेच्या तिकिटाचं बघायला गेल्ती. पेटी माझ्याजवळ ठेवून. मी किटली उचलताना धक्का लागला, आन सगळा गोड चहा उघड्या पेटीत. मी घाबरलो. एकेक कार्ड पुसलं, बाजेवर वाळत घातलं, उन्हात. आन भट्टीकडं आलो.

गिऱ्हाईक होतं. मागं बघायचं राह्यलं. गेलो तव्हा गयाबाईची शेळी बाजेवर उभी. साखरेचं कार्ड तिला लई आवडलं. मूठभर तुकडे उरल्ते.

मी गयाबाईच्या नावानं बोंब मारली. ती बी काय कमी न्हाई. "माझ्या शेळीनं सगळं रशियन खाल्लं. आता दूध कुठल्या भाषेत देईल ते मला सांगा आधी."

ताराबाई दुपारच्या एसटीनं आली. मी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं तुकडे गोळा केले, रुमालात बांधले, आन बाकड्यावर बसली. एवढंच म्हणली, "ट्रॅक्टर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, चहा घेतला. कुणी अडलं का, असं काही इचारलं न्हाई. गुरुजी पेपर चाळत होते पण वाचत न्हवते. पाटील कपाळाला हात लावून बसल्ता. मंग हात काढून म्हणला,

"किसन, अडलंय की कुणीतरी."

बास. कुणी दवंडी दिली न्हाई. पाटलाचा गडी एका वस्तीवर गेला, मी दुसऱ्या.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शाळेच्या पटांगणात गाव उतरलं. आपापलं आउत घेऊन. कौसाबाई शेणाची पाटी घेऊन. पाटील गोफण आन नवा डेरा घेऊन. मिस्त्री पाना घेऊन परतूरहून आला. ज्यानं जे शिकवल्तं, तो ते घेऊन रांगेत बसला. पण कार्ड कुठून आणायचे? तव्हा बाया घरातल्या जुन्या लग्नपत्रिका घेऊन आल्या, पाठकोऱ्या. गुरुजींनी कात्रीनं कापल्या. एका अंगाला गणपती न्हाईतर बुद्ध, दुसऱ्या अंगाला ताराबाईचं रशियन. गुरुजी आन शाळेचे दोघं मास्तर मराठी लिहीत होते, बाई खाली भरत होती. पाटलानं गोफण फिरवून दाखवायचा हट्ट धरला. सगळे बाजूला झाले, तव्हाच फिरवू दिली.

गयाबाई बी आली. शेळी घरी बांधून. दाव्याला दोन गाठी मारल्या म्हणली.

मी कुठं बसू? मी चहा दिला. फुकट. हे लिहून ठेवा, कारण माझ्या हॉटेलात दुसऱ्यांदा असं झालं न्हाई.

दुपार टळायच्या आत रांग संपली. तशी बाई उठून गेली, ती कौसाबाईच्या चुलीपाशी. परत आली तव्हा पाटीत भाकरी, पातेल्यात बटाट्याचा रस्सा. भाकरी सगळ्या एकसारख्या गोल.

पंगत मांडली. आन सगळे उभेच. चूल साळवे गुरुजींच्या घरची, बौद्धवाड्यातली. कोण कुणाच्या चुलीवरचं खातं, हे बघणारे डोळे त्या काळी लई होते. कौसाबाई पदर आवळून भिताडाला टेकल्या. पाटलानं एकदा भाकरीकडं पाह्यलं, एकदा गुरुजींकडं. मंग चपला काढल्या, पहिल्या पानावर मांडी घातली आन मागं वळून म्हणला, "बसा की. इर्जिकीत कुणी चूल इचारतं का?"

बसले सगळे. रस्सा फिका होता. कौसाबाईनं मागून मिरचीचा ठेचा फिरवला, तव्हा गावानं मान हलवली.

ताराबाई वाढत होती. कपाळावर पीठ, रुमाल सुटलेला. पहाटपासून पोटात काही न्हाई, मला माहीत होतं. नव्या कार्डांतलं एकच रिकामं राह्यल्तं, इर्जिकीचं. ते तिनं कमरेला खोचल्तं. एका पंगतीतून दुसऱ्या पंगतीत जाताना मधीच थांबली, शाळेच्या खांबाला कार्ड टेकवलं, आन कुणालाच न इचारता खाली लिहून टाकलं.

मी हाताला धरून म्हणलं, "झालं ना आता? बस इथं. दोन घास खा आधी."

तिनं हात सोडवून घेतला आन माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली.

"गप जेव, दादा," ती म्हणली. "मी शेवटी. शेत माझं हाय."