गार्ड नाही तर मशीन नाही

आमच्या कारखान्यात सगळे जिला वहिनी म्हणतात, ती माझी बायको. त्यामुळे तिच्याबद्दल मी दोन्ही बाजूंनी बोलेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. माझं डोकं चटकन तापतं आणि तिचं तापतच नाही, हा अन्याय मी वीस वर्षं सहन करतोय.

लोखंडी फाटकं, कठडे, जिने असलं आमचं काम. मी ग्राइंडर चालवतो. हातात धरायचं मशीन, पुढे चकती गरगर फिरते. चकतीवर पत्र्याचं अर्धगोल झाकण असतं, तो गार्ड. चकती फुटलीच तर तुकडे त्याच्यावर आदळावेत, माणसावर नाही. पण कोपऱ्यात काम करताना तो आडवा येतो, म्हणून नवं मशीन आलं की आम्ही पहिल्याच दिवशी गार्ड काढून पेटीच्या तळाशी टाकायचो. सरकारी तपासणीस येणार असं कळलं की अर्ध्या तासात सगळे गार्ड परत जागेवर.

एकदा अशाच घाईत मी गार्ड उलटा बसवला. झाकलेली बाजू कामाकडे आणि उघडी थेट माझ्या पोटाकडे. माझं बघून आणखी चौघांनी तसाच बसवला, कारण ग्राइंडरमधला उस्ताद मी! तपासणीस चष्मा पुसून पुसून बघत राहिला. ही तेव्हा पॅकिंगला होती. तिकडून मोठ्यानं म्हणाली, "अहो, ते झाकण तुमच्यासाठी आहे, लोखंडाला काय लागणार आहे?"

सगळे हसले, तपासणीसही हसला. पण जाताना त्यानं लिहून दिलं की पुन्हा असं दिसलं तर काम बंद. मालकांची पाचावर धारण बसली. गार्ड कुठल्या बाजूला हवा हे कळणारं माणूस एकच दिसलं, म्हणून त्यांनी हत्यारांच्या खोलीच्या किल्ल्या हिच्या हातात दिल्या.

मशीनं रोज सकाळी त्या खोलीच्या खिडकीतून मिळतात. दुसऱ्या दिवसापासून तिथं तिचा एकच घोषा: गार्ड नाही तर मशीन नाही. मी हुशारी केली. घरचं जुनं, बोडकं ग्राइंडर डब्याच्या पिशवीतून नेलं.

"डबा एवढा जड कधीपासून झाला?" तिनं सगळ्यांसमोर विचारलं आणि ग्राइंडर जप्त केलं. मी दोन दिवस घरी तोंड फुगवून बसलो. तिनं ढुंकून पाहिलं नाही. वर जेवण इतकं चांगलं करायची की रुसवा टिकवणं जड जायचं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच म्हणाली, "अडतं कुठं ते दाखवा तरी."

दाखवलं. गार्ड हवा तसा फिरवता येतो, पण त्याचा स्क्रू सैल करावा लागतो, आणि स्क्रूड्रायव्हर कायम दुसऱ्याच्या खिशात.

"म्हणजे स्क्रूड्रायव्हर शोधायचा कंटाळा, म्हणून गार्डच काढून टाकायचा?" ती माझ्याकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक मशीनच्या वायरला एकेक स्क्रूड्रायव्हर दोरीनं बांधलेला. तोही मुद्दाम प्लगजवळ, म्हणजे आधी प्लग काढल्याशिवाय तो स्क्रूपर्यंत पोचायचाच नाही! गार्ड फिरवायला असा कितीसा वेळ लागतो? शिंक येऊन जाईल एवढा. शिवाय ठिणग्या अंगावर येईनात. त्या आठवड्यात माझ्या शर्टाला एकही नवं भोक पडलं नाही. मी तिला हे सांगितलं नाही, पण कपडे वाळत घालताना ती शर्ट उजेडाकडे धरून हसत होती.

मग शाळेच्या फाटकाचं काम आलं. नुसते कोपरेच कोपरे, आणि हातात दोनच दिवस.

"बाई, दोन दिवस गार्ड काढून मशीन द्या," मालक म्हणाले. "जमत नसेल तर किल्ल्या ठेवा."

तिनं किल्ल्या ठेवल्या आणि पॅकिंगच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. तिला विचारल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, हे सुख तिला त्या खिडकीनंच पहिल्यांदा दिलं होतं. रोज सकाळी ती माझ्याआधी तयार होऊन दारात उभी असायची.

मालकांनी स्वतः दोन-तीन गार्ड उतरवले आणि खिडकीत उभे राहिले. मी खिडकीसमोरच्या रांगेत मधेच घुसलो, मशीन घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि परत खिडकीत ठेवलं.

"मालक, याला गार्ड नाही."

"माहीत आहे. घे."

"गार्डशिवाय मशीन मी घेत नाही."

"मीपण नाही," मागून म्हातारा फिटर म्हणाला. मग एकेक करत सगळेच म्हणाले.

मालकांनी रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग किल्ल्या उचलून स्वतः टेबलापाशी गेले. "शाळेला मी फोन करतो, एक दिवस जास्त लागेल म्हणून. तुम्ही खिडकीवर या."

ती आली. गार्ड बसवले, स्क्रू आवळून पाहिले. माझी छाती अभिमानानं फुगली होती. आता ती काहीतरी गोड बोलेल म्हणून मी वाट बघत होतो.

"अहो, तुम्ही मधेच घुसलात," ती म्हणाली. "मागे जा."

मी गेलो. रांगेत शेवटी उभं राहण्यात एवढा आनंद असतो, हे मला त्या दिवशी कळलं.